डेन्व्हरची हवा, कोशियनचा वारा

१९८० च्या मोसमात अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात रँडी बास नावाचा एक दाढीवाला, डावखुरा बेसबॉल फलंदाज पिचर मंडळींना, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांना, अक्षरशः फोडून काढत होता. ३७ होम रन, म्हणजे थेट सीमेपार गेलेले फटके, त्याच्या फटक्यांवर घरी आलेल्या १४३ धावा, सरासरी ०.३३३, म्हणजे दर तीन संधींत एक हिट, एक यशस्वी फटका. त्या लीगचा त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू तोच. वय सव्वीस. एवढं केल्यावर माणसाला वाटणारच की आता वरून, म्हणजे सर्वोच्च अशा मेजर लीगमधून, बोलावणं येईल आणि आपण कायमचे वर जाऊ.

तसं झालं नाही. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सोळाशे मीटर उंचावर आहे. तिथली हवा विरळ, चेंडूला अडथळा कमी, त्यामुळे इतरत्र सीमेजवळ झेल झाला असता असा फटका तिथं प्रेक्षकांत जाऊन पडतो. बेसबॉलमधली जाणती माणसं डेन्व्हरच्या आकड्यांकडे कायम डोळे बारीक करून बघत आली आहेत. मारले असतील ३७, पण त्यातून हवा वजा करा.

ही वजाबाकी माझ्या ओळखीची आहे. माझा मामा मुंबईत एका बँकेच्या संघातून खेळायचा, पावसाळ्यात कांगा लीग खेळायचा. तिशीपर्यंत रणजीच्या संभाव्य यादीत आपलं नाव येईल अशी त्याला आशा होती. कुणी त्याच्या शतकांचा विषय काढला की तो स्वतःच हात झटकून म्हणतो, ‘मॅटिंगवर काढलेले रन रे ते.’ मॅटिंग म्हणजे चटई अंथरलेली खेळपट्टी. कुणी म्हणायच्या आत आपणच म्हणून मोकळं व्हायचं. खालच्या पायरीवर फार वर्षं घालवलेल्या माणसांना ही सवय लागत असावी.

अमेरिकेतली खालची पायरी म्हणजे मायनर लीग. आपल्याकडे याला नेमकं उत्तर नाही, कारण तिथं रणजी संघासारखा राज्याचा मान नसतो. प्रत्येक मोठ्या क्लबच्या हाताखाली लहान शहरांमधले संघ असतात. तळाशी नवखे, मग सिंगल ए, डबल ए आणि सगळ्यांत वर ट्रिपल ए. खेळाडूला कधी वर ओढायचं, कधी खाली ढकलायचं, कधी दुसऱ्या क्लबला देऊन टाकायचं, हे सगळं वरचा क्लब ठरवतो. तुमचा संघ जिंकला की हरला याच्याशी वरच्यांना फारसं देणंघेणं नसतं, त्यांना तुम्ही तयार होताय का एवढंच बघायचं असतं. बसचे रात्रभराचे प्रवास, स्वस्तातली मोटेल आणि मोसम संपला की दुसरी नोकरी. पगाराची गोष्ट तर अशी की अगदी २०२२ पर्यंत ट्रिपल ए खेळाडूचं किमान वार्षिक वेतन साडेसतरा हजार डॉलर होतं. खेळाडूंची संघटना झाली, २०२३ मध्ये पहिला सामूहिक करार झाला आणि मग ते ३५,८०० वर गेलं. बास खेळत होता तेव्हा असलं काही कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

बास ओक्लाहोमा राज्यातल्या लॉटन गावचा. फोर्ट सिल या लष्करी तळाच्या शेजारी वाढलेलं गाव. जेरोनिमो हा अपाचे लढवय्या तिथंच पुरलेला आहे. १९७२ मध्ये मिनेसोटा ट्विन्सनं बासला सातव्या फेरीत निवडलं. तेव्हापासून १९८२ पर्यंतचा त्याचा बहुतेक काळ मायनर लीगमध्ये गेला. मेजर लीगमध्ये तो सहा मोसमांत पाच वेगवेगळ्या क्लबांकडून मिळून १३० सामने खेळला. ३२५ वेळा बॅटिंगची नोंद, ६९ हिट, नऊ होम रन, सरासरी ०.२१२. संघात पक्की जागा असलेल्या फलंदाजाला एका मोसमात पाचशेच्या वर संधी मिळतात. म्हणजे सहा वर्षांत तुकड्यातुकड्यांनी मिळून बासला एक मोसमही धड वाट्याला आला नाही. आज उतरव, चार दिवस बसव, मग नवव्या डावात एकदा बॅट हातात दे, असं चालायचं. त्यातून जो आकडा निघाला त्याला ‘वरच्या पातळीवर जमलं नाही’ असं म्हणतात.

आणि त्याच्या वाटेत उभं कोण होतं तेही बघायला हवं. बास पळायला जड, त्याची जागा फर्स्ट बेस, म्हणजे धावणाऱ्याच्या पहिल्या थांब्यावर क्षेत्ररक्षण करायची. मिनेसोटात त्या जागेवर होता रॉड कॅरू. बास १९७७ मध्ये पहिल्यांदा वर गेला, त्याच वर्षी कॅरूनं ०.३८८ ची सरासरी काढली आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. (हा ०.३८८ चा आकडा लक्षात ठेवा.) पुढे मॉन्ट्रियल क्लबकडे आला (डेन्व्हर त्यांच्याच हाताखालचा संघ), तर डेन्व्हरच्या त्या सोन्यासारख्या मोसमात वर फर्स्ट बेसला वॉरन क्रोमार्टी उभा होता, आणि तो त्या मोसमात एकही सामना चुकला नाही. शिवाय मॉन्ट्रियल मेजर लीगच्या दोन भागांपैकी नॅशनल लीगमध्ये. तिथं फक्त बॅटिंगसाठी एक माणूस ठेवायची सोय तेव्हा नव्हती. क्षेत्ररक्षणात जागा नसेल तर बॅट कितीही चालो, बाकावर बसा.

हे मी मामाला फोनवर सांगितलं तेव्हा तो लगेच म्हणाला, ‘पॅडी.’ पद्माकर शिवलकर. मुंबईच्या कुठल्याही क्रिकेटवेड्याला पुढचं सांगावं लागत नाही. प्रथम श्रेणीत ५८९ बळी, त्यातले ३६१ रणजीत, आणि कसोटी एकही नाही, कारण त्याच काळात डावखुरी फिरकी टाकायला बिशनसिंग बेदी होते. शिवलकर मार्च २०२५ मध्ये गेले, तेव्हा मामा दोन दिवस नीट बोलला नव्हता. ‘फरक एवढाच,’ तो म्हणाला, ‘तुझ्या त्या बासला जायला दुसरा देश होता.’

तो दुसरा देश म्हणजे जपान.

माझा आणि बेसबॉलचा संबंधही जपानमुळेच आला. पुण्यात जपानी शिकलेल्या अनेकांसारखा मीही सॉफ्टवेअरच्या कामासाठी तिकडे गेलो, कोबे शहरात राहिलो. कोबेच्या सान्नोमियापासून ओसाकाच्या उमेदापर्यंत हानशिन कंपनीची रेल्वे जाते. हीच कंपनी हानशिन टायगर्स या संघाची मालक. त्या रेल्वेवर कोशियन नावाचं स्टेशन आहे, बाहेर पडलं की समोरच वेलींनी झाकलेलं स्टेडियम. १९२४ सालचं. सामन्याच्या दिवशी गाडीत पिवळ्याकाळ्या पट्ट्यांचे शर्ट घातलेले आजोबा, ऑफिसातून थेट आलेले टायवाले साहेब, पाठीवर तान्हं बाळ घेतलेल्या आया, सगळे एकाच गाडीत. पहिल्यांदा गेलो तो ऑफिसातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याच्या आग्रहामुळे. जन्मानं ओसाकाचे, एरवी मीटिंगमध्ये तीन वाक्यांच्या वर न बोलणारे. स्टँडमध्ये बसल्यावर त्यांचा आवाज फुटला आणि सामना संपेपर्यंत त्यांनी मला टायगर्सचा इतिहास ऐकवला. त्यातला अर्धाअधिक १९८५ या एकाच सालाचा होता.

त्यांनी मला सगळ्यांत आधी दाखवला तो वारा. कोशियन ओसाकाच्या उपसागराजवळ आहे आणि तिथं समुद्राकडून वारा येतो, साधारण उजव्या बाजूच्या सीमेकडून डाव्या बाजूकडे. डावखुरा फलंदाज जोर लावून मारतो तो उजवीकडे, म्हणजे नेमका वाऱ्याच्या तोंडावर. चेंडू वर चढतो, जाणार जाणार वाटतो आणि हवेत थबकून क्षेत्ररक्षकाच्या हातात येतो. डावखुऱ्या मंडळींचं या मैदानावर अर्धं आयुष्य हळहळण्यात जातं. बास १९८३ मध्ये आला तेव्हा त्याच्यापुढे हा प्रश्न होता. त्यानं वाऱ्याशी भांडायचं सोडलं. बाहेरच्या चेंडूला थोडा उशिरा गाठून तो डावीकडे मारायला लागला, जिकडे वारा चेंडूला ढकलून नेतो. हे बोलायला सोपं आहे. एकोणतिशीत, अकरा वर्षं एका पद्धतीनं मारून झाल्यावर बॅट फिरवायचा क्षण बदलायचा, तोही भाषा येत नसलेल्या देशात, दर आठवड्याला वर्तमानपत्रं तुम्हाला परत पाठवायची भाषा करत असताना.

आणि इथं माझी एक जुनी तक्रार. डेन्व्हरची हवा वजा करणारे लोक कोशियनचा वारा मिळवत नाहीत. खालच्या माणसाच्या हिशेबात वजाबाकी करायला सगळे तत्पर असतात, बेरीज करायला कुणी नसतं. खरं सांगायचं तर कोशियनला तेव्हा मैदानाच्या आत आणखी एक कुंपण घालून सीमा जवळ आणलेली होती, १९४७ पासून १९९१ पर्यंत ती होती, आणि त्याचा फायदा बासलाही झाला. पण तो त्याच्या आधी आलेल्या आणि रिकाम्या हातांनी गेलेल्या सगळ्यांनाही उपलब्ध होताच की.

पहिल्या वर्षी ३५ होम रन. दुसऱ्या वर्षी सरासरी ०.३२६. मग १९८५.

टायगर्सनं त्याआधी लीग जिंकली होती ती १९६४ मध्ये आणि साऱ्या जपानचं अजिंक्यपद तर कधीच नाही. शत्रू ठरलेला, टोकियोचा योमिउरी जायंट्स. पैसा, वर्तमानपत्र, टीव्ही सगळं त्यांच्या बाजूला. एप्रिलच्या १७ तारखेला कोशियनवर याच जायंट्सविरुद्ध सातव्या डावात बासनं, त्याच्या मागून आलेल्या काकेफु मासायुकीनं आणि त्याच्या मागून आलेल्या ओकादा आकिनोबूनं ओळीनं तीन होम रन मारले, तिन्ही मैदानाच्या मध्यावरच्या पडद्याच्या दिशेनं. माझे सहकारी तेव्हा शाळेत होते. हे सांगताना ते उठून उभे राहिले आणि तीन वेळा हातानं चेंडूची वाट दाखवली, मागच्या रांगेतल्या एका अनोळखी बाईंनी तिसऱ्या वेळी त्यांना दुरुस्त केलं. ओकादाचा म्हणे जरा डावीकडे होता.

त्या वर्षावर एक काळी रेघही आहे. १२ ऑगस्टला टोकियोहून ओसाकाला निघालेलं जपान एअरलाइन्सचं विमान डोंगरात कोसळून ५२० माणसं गेली, त्यात टायगर्स क्लबचे अध्यक्षही होते. संघ पुढे खेळत राहिला. ऑक्टोबरमध्ये लीग जिंकली, मग सेइबू लायन्सला ४-२ हरवून जपानही जिंकलं. बासनं त्या मालिकेतल्या पहिल्या तिन्ही सामन्यांत होम रन मारले आणि मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. मोसमाची बेरीज: सरासरी ०.३५०, ५४ होम रन, १३४ धावा घरी आणलेल्या. तिन्हींत पहिला, म्हणजे ट्रिपल क्राउन.

कर्नल सँडर्सची गोष्ट इथं टाळता येणार नाही, पण मला तिचा जरा कंटाळाच आहे. लीग जिंकल्याच्या रात्री ओसाकाच्या दोतोनबोरी कालव्यावर लोक जमले, एकेका खेळाडूचं नाव पुकारायचं आणि त्याच्यासारखा दिसणाऱ्यानं पाण्यात उडी टाकायची असा खेळ सुरू झाला. बासची पाळी आली तेव्हा दाढीवाला गोरा माणूस सापडेना, म्हणून केएफसीच्या दुकानाबाहेरचा कर्नलचा पुतळा उचलून पाण्यात टाकला. पुढे टायगर्स वर्षानुवर्षं तळाला राहिले आणि लोकांनी त्याला कर्नलचा शाप ठरवलं. पुतळा २००९ मध्ये गाळातून निघाला, चष्मा आणि डाव्या हाताशिवाय. झालं. जगभर बासचं नाव निघतं ते बहुतेक या पुतळ्याच्या निमित्तानं, आणि बॅटिंगबद्दल बोलायचं राहून जातं.

बोलायला हवं ते त्या मोसमाच्या शेवटच्या सामन्याबद्दल.

एका मोसमातल्या होम रनचा विक्रम होता ५५, सादाहारु ओह यांचा, १९६४ सालचा. कारकिर्दीत ८६८ होम रन मारणारा हा माणूस जपानमध्ये कुठल्या उंचीवर आहे ते सांगायची गरज नाही. १९८५ मध्ये ते जायंट्सचे व्यवस्थापक होते. बास ५४ वर होता आणि शेवटचा सामना जायंट्सविरुद्ध. पिचरनी त्याला चार वेळा मुद्दाम बाहेर चेंडू टाकून फुकट पहिल्या बेसवर सोडलं. एकदा तर वैतागून त्यानं बॅट लांब करून बाहेरचाच चेंडू कसाबसा टोलवला आणि एक हिट मिळवली. होम रन मारण्याजोगं काही त्याच्या वाट्याला आलंच नाही. तेव्हा जायंट्सकडे असलेल्या कीथ कॉमस्टॉक या अमेरिकन पिचरनं नंतर सांगितलं, की बासला स्ट्राइक, म्हणजे मारण्याजोगा चेंडू, टाकली तर दर चेंडूमागे हजार डॉलर दंड, असं एका प्रशिक्षकानं बजावलं होतं. ओह यांनी आपण असा आदेश दिल्याचं नाकारलं.

मला या प्रसंगात चीड येते, पण त्याहून जास्त कोडं पडतं ते ओह यांच्याबद्दल. त्यांचे वडील चिनी. जन्म टोकियोचा, सगळं आयुष्य जपानमध्ये गेलं, पण नागरिकत्व जपानी नव्हतं. शाळेत असताना राष्ट्रीय क्रीडा महोत्सवात त्यांना याच कारणावरून खेळू दिलं नव्हतं, संघातली बाकीची मुलं खेळली. ज्याला एकदा परका म्हणून बाहेर बसवलं त्याच्याच विक्रमाला परक्याचा हात लागू नये म्हणून पुढची पिढी चेंडू बाहेर टाकत बसली. २००१ मध्ये टफी रोड्स आणि २००२ मध्ये अलेक्स काब्रेरा ५५ वर पोचले, तेव्हाही ओह व्यवस्थापक असलेल्या संघाच्या पिचरनी तेच केलं. ओह स्वतः काय विचार करत असतील? मला ते निर्लज्ज वाटत नाहीत. आपण पुतळा झालो की आपल्याभोवतीचा बंदोबस्त आपल्याला विचारून होत नाही, एवढंच मी स्वतःशी म्हणतो. विक्रम शेवटी २०१३ मध्ये कुरासावच्या व्लादिमिर बालेंतीननं मोडला, ६० होम रन मारून. तोही मेजर लीगमध्ये जागा न टिकलेलाच. आणि त्यानं तो मोडला टायगर्सविरुद्ध, हे सांगताना माझ्या सहकाऱ्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

पण सगळे जायंट्सवाले सारखे नव्हते, आणि ही बाजू सांगितली नाही तर गोष्ट खोटी होईल. १९८६ च्या जूनमध्ये बासनं लागोपाठ सहा सामन्यांत होम रन मारले होते. सलग सात सामन्यांचा विक्रम होता, तोही ओह यांचाच. सातवा सामना टोकियोत जायंट्सच्या कोराकुएन मैदानावर, समोर एगावा सुगुरू. एगावानं त्याला टाळलं नाही. सरळ टाकला. चेंडू मैदानाबाहेर गेला. दोघांपैकी कुणाचं कौतुक जास्त करावं हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या वर्षी पुन्हा ट्रिपल क्राउन. ४७ होम रन, १०९ धावा आणि सरासरी ०.३८९. कॅरूपेक्षा एकानं जास्त. मी हे मामाला मोठ्या उत्साहानं सांगितलं, तर तो म्हणाला, ‘पण जपानमधले पिचर आणि अमेरिकेतले पिचर सारखे का?’ घ्या. मॅटिंग निघालंच.

नाहीत सारखे. तेव्हा तर नव्हतेच. पण मग ज्यो पेपिटोनचं काय? न्यूयॉर्क यांकीजचा चमकता तारा, मेजर लीगमध्ये दोनशेच्या वर होम रन. १९७३ मध्ये टोकियोच्या याकुल्ट संघाकडे गेला, १४ सामने खेळला, सरासरी ०.१६३, आणि मायदेशी परतला. तिथले पिचर वेगापेक्षा चकव्यावर जगतात, तुम्ही अधीर आहात हे कळलं की महिनाभर एकही सरळ चेंडू देत नाहीत. सराव पहाटेपासून रात्रीपर्यंत. संघाच्या पहिल्या फळीत तेव्हा दोनच परदेशी ठेवता येत, म्हणजे आठवडाभर बॅट गप्प राहिली तर तुमची जागा खाणारा तयार. आणि परदेशी माणूस पगार घेतो तो मदतीला बोलावलेला म्हणून. संघ हरला की पहिलं बोट त्याच्याकडे. बास तिथं टिकला याचं एक कारण मला वाटतं की त्याला कशाचाच अहंकार उरला नव्हता. कपडे बदलायच्या खोलीत तो कावातो या सहकाऱ्याबरोबर शोगी, म्हणजे जपानी बुद्धिबळ, खेळत बसायचा. पाच क्लबांनी हाकललेला माणूस सहाव्या ठिकाणी नियम विचारून घेतो, पेपिटोनला ते जमणं कठीण होतं.

उलट दिशेचा पुरावा तर आणखी बोलका आहे. बास गेल्यानंतर टायगर्सनं १९८९ साठी सेसिल फील्डरला आणलं. टोरोंटोच्या बाकावर बसून कंटाळलेला, अंगानं भरलेला गडी. तो रोज खेळला, ३८ होम रन मारले, आणि १९९० मध्ये डेट्रॉइटकडून अमेरिकेत परतल्यावर त्यानं ५१ मारले. १९७७ नंतर मेजर लीगमध्ये कुणी पन्नाशी गाठली नव्हती. आता यातून काय वजा करणार? माझं म्हणणं साधं आहे. बासला डेन्व्हरमध्येही बॅट येत होती आणि मॉन्ट्रियलमध्येही. त्याला फक्त रोज सकाळी उठून, आज आपण खेळणार आहोत हे माहीत असण्याची गरज होती, आणि ती खात्री त्याला कोशियननं दिली.

भारतातूनही दोन मुलं या वाटेनं गेली, उलट्या टोकानं. उत्तर प्रदेशातले भालाफेक करणारे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, २००८ मध्ये वेगवान चेंडू फेकायच्या स्पर्धेतून निवडलेले, पिट्सबर्ग पायरेट्सच्या मायनर लीग संघात. त्याआधी त्यांनी बेसबॉल हातात धरलेला नव्हता. पटेल २०१० मध्ये परतला, रिंकू आणखी काही वर्षं टिकला आणि पुढे अमेरिकेतल्या तमाशाच्या कुस्तीत गेला. आणि आपला मुंबईचा सौरभ नेत्रावळकर, मुंबईकडून रणजी खेळलेला, शिकायला अमेरिकेत गेला, तिथं सॉफ्टवेअरची नोकरी धरली, आणि जून २०२४ मध्ये डॅलसला पाकिस्तानविरुद्धची सुपर ओव्हर टाकून अमेरिकेला जिंकून दिलं. मामानं त्या रात्री मला उठवून सांगितलं होतं. तेव्हा मात्र पाकिस्तान थकलं होतं वगैरे काही त्यानं वजा केलं नाही.

१९८८ मध्ये बासच्या आठ वर्षांच्या मुलाच्या मेंदूत गाठ असल्याचं निदान झालं. मोसम सुरू होता. बास मुलाला घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला गेला. क्लबनं जायला हरकत घेतली नाही, पण परत कधी यायचं यावरून बोलणी बिनसली, आणि जूनमध्ये क्लबनं त्याला काढून टाकलं. दोन ट्रिपल क्राउन, संघाच्या इतिहासातलं तोवरचं एकमेव अजिंक्यपद, ‘देव, बुद्ध आणि बास’ असं लोक ज्याला म्हणत तो माणूस, मुलाच्या उशाशी बसला म्हणून बेरोजगार. करारात कुटुंबाच्या वैद्यकीय खर्चाची जबाबदारी क्लबवर होती, त्यावरूनही वाद वाढला. क्लबच्या वतीनं हे सगळं निस्तरायला बसवलेले अधिकारी नुकतेच त्या पदावर आले होते. जुलैमध्ये टोकियोच्या एका हॉटेलात त्यांनी आपलं जीवन संपवलं. वर मालक कंपनी, समोर बास, मागे वर्तमानपत्रं, आणि मधे हा एक माणूस. त्यांच्या घरच्यांच्या बाजूनं ही गोष्ट कुणी सांगितली तर ती कशी दिसेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. बासचा मुलगा वाचला.

कोबेत असताना पुण्यात बाबांचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा मला रजा मागायची होती. कुणी नाही म्हणालं नसतं, म्हणालंही नाही. पण मागताना माझी जीभ जड झाली होती, जणू मी काहीतरी बिनपगारी उपकार मागतोय. ज्यांनी रजा मंजूर केली ते कोशियनवाले सहकारीच. त्यांनी फक्त एवढं विचारलं, परतीचं तिकीट काढलंय का. काढलं नव्हतं. ‘नका काढू,’ ते म्हणाले.

बास नंतर वरच्या पातळीवर कधीच खेळला नाही. लॉटनला परतला. २००४ मध्ये ओक्लाहोमा राज्याच्या सिनेटवर डेमोक्रॅट म्हणून निवडून आला आणि मुदतीची मर्यादा संपेपर्यंत तिथं राहिला. जपानच्या बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये त्याला घेतलं ते २०२३ मध्ये. हा उशीर मला अजून पटत नाही. परदेशी होता, फक्त सहा मोसम होते, भांडून गेला होता, कारणं काढायला बसलं की सापडतात. त्याच वर्षी शरद ऋतूत टायगर्सनं ३८ वर्षांनी जपान पुन्हा जिंकलं, व्यवस्थापक ओकादा, तोच तिसरा फटका मारणारा. ०.३८९ च्या जवळ गेला तो कोबेच्याच संघातला इचिरो, २००० मध्ये, ०.३८७. विक्रम अजून बासच्या नावावर आहे.

कामानिमित्त ओसाका-कोबेकडे जाणाऱ्या मराठी मंडळींनी कोशियनला एकदा तरी जावंच. ऑगस्टमध्ये गेलात तर टायगर्स बहुधा भेटणार नाहीत. मैदान तेव्हा शाळकरी मुलांच्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी सोडलेलं असतं आणि संघ गावोगाव फिरत असतो. त्या स्पर्धेला जा, तीही बघण्यासारखी असते. टायगर्सचा सामना बघायचा तर तिकीट बरंच आधी काढा आणि शक्यतो उजव्या बाजूच्या स्टँडचं काढा, खरे वेडे तिथं बसतात. त्यांच्यात अजून ४४ नंबरचा शर्ट घालून येणारे लोक आहेत, साठीच्या पुढचे. तो बासचा नंबर. त्यांना १९८५ च्या त्या शेवटच्या सामन्याबद्दल विचारायचं असेल तर खुशाल विचारा, फक्त सामना संपायच्या बराच वेळ आधी विचारा, नाहीतर कोबेकडची शेवटची गाडी चुकते.